सहा मतांचे गाव

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने काय काय पाहिलेले असले पाहिजे, याची आमच्या पेठेत एक पक्की यादी आहे. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टनचे पांढरे घर आणि जमल्यास एखादा मोठा कडा. परत आल्यावर पहिल्या चहालाच चौकशी होते आणि यादीतले एखादे स्थळ राहिले असेल, तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपली कीव स्पष्ट दिसते. २०२४ सालच्या दिवाळीत आम्ही उभयता मुलाकडे गेलो होतो. त्या खेपेला मी यादीतले काहीच पाहिले नाही. मी पाहून आलो एक गाव. त्यात दुकान नाही, शाळा नाही, चौक नाही. मतदार आहेत अवघे सहा. आणि तरीही दर चार वर्षांनी एका रात्री साऱ्या अमेरिकेचे डोळे त्या गावाकडे लागलेले असतात.

पण तिथे पोहोचण्याआधी घरातले एक भांडण सांगितले पाहिजे. कारण ते झाले नसते, तर आम्ही त्या गावाला गेलोच नसतो.

आमचा मुलगा न्यू हॅम्पशायर संस्थानातल्या नॅशुआ या गावी राहतो. संस्थान हा माझा शब्द. तिकडे त्याला 'स्टेट' म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा अध्यक्षपदाची निवडणूक अगदी दारात येऊन ठेपली होती. 'दारात' हे मी शब्दशः लिहितो आहे. तिकडे भिंती रंगवण्याची चाल नाही. ज्याचा त्याचा फलक ज्याच्या त्याच्या अंगणात, हिरवळीत खोचलेला. एका घरापुढे ट्रम्प, त्याच्या शेजारच्या घरापुढे हॅरिस, आणि दोघांच्या मध्ये साधे कुंपणसुद्धा नाही. सकाळी फिरायला निघालो की गल्लीचा कौल चालता चालता मोजता येई. आमच्या मुलाच्या अंगणात मात्र एकच वस्तू लटकत होती : सूनबाईंनी हौसेने केलेला आकाशकंदील.

पाडव्याच्या दिवशी फराळ करता करता मी सहज विचारले, "मग तुझं मत कुणाला?"

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "मी नाव नोंदवलेलंच नाही, बाबा."

मला घासच गिळवेना. हा मुलगा २०२१ साली अमेरिकेचा नागरिक झाला. त्या दिवशी इकडचा पासपोर्ट गेला आणि त्याबरोबर इकडचे मतही गेले. त्याच्या आईने त्या रात्री जेवणही धड केले नव्हते. आता तिकडचे मत हाती येऊन तीन वर्षे झाली, तर साहेबांनी ते घेतलेलेच नाही! म्हणजे दोन देश, आणि मत एकाही देशात नाही. मी माझ्या वयाला शोभेल इतक्या लांबीचे व्याख्यान दिले. हक्क, कर्तव्य, लोकशाही, सगळे त्यात आले.

त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मंगळवारचा कामाचा दिवस, बाबा. इथं त्या दिवशी सुट्टी नसते. आणि लाखो मतांत माझ्या एका मतानं काय होणार? बरं, एक विचारू? मे महिन्यात पुण्यात मतदान झालं, त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

वाचकहो, खोटे कशाला सांगू? १३ मे २०२४ रोजी सोमवार होता. शनिवार, रविवार आणि मतदानाची सुट्टी अशी तीन दिवसांची बेगमी जुळून आली होती, आणि मी महाबळेश्वरला होतो. त्या दिवशी पुण्यात निम्म्याहून जेमतेम थोडे अधिक मतदान झाले. उरलेल्या लोकांत मी एक. आमची ही तर तेव्हाच म्हणाली होती, "अहो, सकाळी सातला मत देऊ आणि मग निघू." पण तेव्हा मी तिला पसरणीच्या घाटातल्या गर्दीचे गणित समजावून सांगितले होते. आता ती काही बोलली नाही. फक्त चकलीचा डबा माझ्यापुढे सरकवला. बायकांचे हे न बोलणे फार महाग पडते.

भांडण मिटवले सूनबाईंनी. त्या म्हणाल्या, "उत्तरेला डिक्सव्हिल नॉच म्हणून एक जागा आहे. तिथले सगळे मतदार सोमवारी रात्री बाराला जमतात. मंगळवार लागल्याबरोबर मत देतात आणि लगेच मोजतातही. सहाच जण आहेत. बाबांना बघायला आवडेल." मुलाने सोमवार-मंगळवारची रजा काढली. मतदानाला न मिळणारी रजा मतदान पाहायला मिळाली, ही गोष्ट मी मनातल्या मनात टिपून ठेवली.

रविवारी भाऊबीज झाली. त्याच पहाटे तिकडची घड्याळे तासभर मागे गेली होती, त्यामुळे सोमवारी दिवस साडेचारच्या सुमारासच मावळणार होता. आम्ही दुपारचे जेवण लवकर उरकून निघालो. सौ.ने शेव-चिवड्याचा डबा, थर्मास आणि चार शाली घेतल्या. मराठी माणूस ध्रुवावर निघाला, तरी सामान हेच असणार.

न्यू हॅम्पशायर हे उभे, चिंचोळे संस्थान आहे. दक्षिणेला कारखाने, कचेऱ्या, बॉस्टनला रोज ये-जा करणारे लोक. जसजसे उत्तरेला जावे, तसतशी घरे विरळ होतात आणि डोंगर दाट. शरद ऋतूतल्या तिथल्या रानाच्या रंगांची कीर्ती मोठी. पण नोव्हेंबरात ते रंग उतरलेले असतात. पानगळ झालेल्या झाडांच्या नुसत्या काड्या, आणि मधूनच सदाहरित झाडांचा काळपट हिरवा पट्टा. मोटारींच्या पाट्यांवर संस्थानाचे ब्रीद लिहिलेले असते : 'स्वतंत्र जगा, नाही तर मरा.' रस्त्याच्या कडेला त्याहून व्यवहारी सूचना : 'मूससाठी ब्रेक लावा.' मूस म्हणजे आपल्या सांबराचा अगडबंब चुलतभाऊ.

फ्रँकोनियाच्या खिंडीत मुलाने मोटार थांबवली आणि वरच्या कड्याकडे बोट दाखवले. तिथे काहीच नव्हते. पूर्वी त्या कड्याच्या खडकांतून एका म्हाताऱ्याचा चेहरा दिसे. तो चेहरा म्हणजे या संस्थानाची खूण. ३ मे २००३ रोजी तो खडक ढासळून खाली आला. चेहरा गेला, पण रस्त्यांच्या पाट्यांवर तो अजून छापलेला आहे. नसलेल्याची आठवण जपणारे लोक मला उगाचच ओळखीचे वाटले.

खिंड ओलांडल्यावर हमरस्ता सोडून आम्ही कनेटिकट नदीच्या काठाने निघालो. नदीपलीकडे व्हरमाँट. वाटेत ग्रोव्हटन नावाचे गाव लागले. इथे कागदाची मोठी गिरणी होती, ती २००७ साली बंद पडली. त्याच्या आदल्या वर्षी जवळच्या बर्लिन गावची लगद्याची गिरणी बंद झाली होती. एके काळी या रानातल्या लाकडावर सारा उत्तर भाग जगत होता. गिरण्यांत काम करायला कॅनडातून फ्रेंच बोलणारे लोक आले आणि इथलेच झाले. हे सगळे ऐकताना मला आमच्या मुंबईचे गिरणगाव आठवले. भोंगा बंद झाल्यावर गावाचा आवाज कसा बदलतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

कोलब्रुक हे वाटेवरचे शेवटचे बरे गाव. वस्ती दोन हजारांच्या आसपास. तिथल्या एका खानावळीत आम्ही गरम सूप घ्यायला थांबलो. वाढणाऱ्या बाई साठीच्या होत्या. आम्ही कुठे निघालो ते त्यांनी न सांगता ओळखले, कारण त्या दिवशी त्या वाटेने जाणारे परके लोक सगळे तिथेच निघालेले असतात.

"सहा माणसं मत देतात तर टेलिव्हिजनवाले येतात," त्या हसून म्हणाल्या. "आम्ही उद्या सकाळी रांगेत उभे राहू, तर कुत्रंसुद्धा येणार नाही."

मी इकडचे राजकारण कसे आहे, म्हणून विचारले. त्यांनी टेबल पुसता पुसता जे सांगितले, ते मला वर्तमानपत्राच्या दहा अग्रलेखांपेक्षा अधिक कळले. त्यांचे यजमान कागदाच्या गिरणीत होते. गिरणी असताना घरातली मते पिढीजात डेमोक्रॅटिक पक्षाला. गिरणी गेली. मग तासाभराच्या वाटेवर मिळेल ते काम. २००८ आणि २०१२ साली त्यांनी ओबामांना मत दिले. पुढे मात्र पक्ष बदलला. हे एका घराचे झाले. पण साऱ्या परगण्याची कथा तीच आहे. या भागाला कोऑस परगणा म्हणतात. ओबामांच्या दोन्ही निवडणुकांत तो त्यांच्या बाजूने उभा राहिला, आणि २०१६ पासून तिन्ही वेळा ट्रम्प यांच्या बाजूने.

"आणि तुम्ही स्वतः?" सौ.ने विचारले. मला संकोच वाटला. पण बायकांना एकमेकींना काहीही विचारता येते.

"ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि आम्हाला बिल आणून दिले.

कोलब्रुकपासून पूर्वेला दहा-अकरा मैल गेले की डिक्सव्हिल नॉच. 'नॉच' म्हणजे खिंड. दोन्ही बाजूंना सुळक्यांसारखे खडक, मध्ये अरुंद रस्ता, आणि पायथ्याशी एक तळे. तळ्याच्या काठी लाल छपरांचे, राजवाड्यासारखे प्रचंड हॉटेल. अंधारात ते नीट दिसत नव्हते आणि ते बरेच झाले, कारण २०११ सालापासून ते बंद आहे. १८६६ साली इथे लहानशी धर्मशाळावजा खानावळ सुरू झाली, तिचे पुढे हे हॉटेल झाले. गाव म्हणून जे काही आहे, ते या हॉटेलाच्याच आधाराने उभे राहिले.

या हॉटेलाचे मालक नील टिलटसन हे मोठे कर्तबगार गृहस्थ. जन्म १८९८ चा. रबरी फुगे आणि रबरी हातमोजे यांच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला आणि १९५४ साली हे हॉटेल विकत घेतले. मध्यरात्री मत देण्याची कल्पना मात्र मूळची त्यांची नव्हे. याच संस्थानात हार्ट्स लोकेशन म्हणून एक वस्ती आहे. तिथल्या रेल्वे कामगारांना भल्या पहाटे कामावर जावे लागे, मतदान सुरू होण्याच्या आत. म्हणून १९४८ साली त्यांनी रात्रीच मत देण्याची प्रथा पाडली. पुढे वार्ताहरांची गर्दी इतकी वाढली की १९६४ नंतर त्या वस्तीने कंटाळून प्रथा सोडून दिली, ती १९९६ साली पुन्हा धरली. डिक्सव्हिलने १९६० साली हा वसा घेतला आणि सोडला नाही. तेव्हापासून २००० सालापर्यंत, प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत इथली पहिली चिठ्ठी पेटीत टाकली ती टिलटसन यांनी. २००१ साली वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी ते वारले.

या प्रथेमागचा कायदा मोठा गमतीचा आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये अगदी लहान वस्त्यांना रात्री बारा वाजता मतदान सुरू करता येते. आणि यादीतल्या प्रत्येकाने मत दिले असेल, तर केंद्र लगेच बंद करून मोजणी करता येते. प्रत्येकाने! एक जण जरी झोपून राहिला, एक जण जरी महाबळेश्वरला गेला, तरी सगळा बेत फसला. उरलेल्यांनी केंद्र उघडे ठेवून त्याची वाट पाहत बसायचे. त्यामुळे इथे शेकडा शंभर मतदान ही कौतुकाची गोष्ट नाही, ती गरज आहे.

शिवाय माणसे सहा असली, तरी निवडणूक पुरी लागते. यादी तपासणारे, कारकून, मॉडरेटर म्हणजे मतदानाचा प्रमुख, हे सगळे त्यांच्यातलेच. २०१९ साली वस्ती इतकी घटली की ही पदे भरायलाच माणसे पुरेनात आणि प्रथा बंद पडते की काय, अशी वेळ आली. पुढे एक रहिवासी वाढला आणि खिंड लढती राहिली. २०२० च्या शिरगणतीत इथली लोकसंख्या भरली चार.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. मतदान टिलटसन यांच्याच नावाच्या घरात होते. बाहेर मोटारींची आणि टेलिव्हिजनच्या गाड्यांची ही रांग! एका मतदारामागे किती कॅमेरे आले होते, ते मोजणे मी सोडून दिले. आत जागा मिळण्याची आशाच नव्हती. थंडी अशी की चार शाली कमी पडल्या. शेवटी आम्ही मोटारीत जाऊन बसलो आणि मुलाच्या मोबाइलवर आतला सोहळा पाहू लागलो. सुमारे पावणेदोनशे मैल प्रवास करून, शंभर पावलांवरचे दृश्य आम्ही पाहत होतो ते तळहाताएवढ्या काचेवर. पुण्यात गणपतीची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावर राहणारे लोक अशीच पाहतात, असे सौ. म्हणाली.

बाराच्या सुमारास एका वादकाने अकॉर्डियनवर राष्ट्रगीत वाजवले. मग एकेक जण पडद्याआड जाऊन आला आणि लाकडी पेटीत चिठ्ठी टाकून गेला. आमचा चहा थर्मासमधून पेल्यांत ओतून होईपर्यंत मतदान संपले. पेटी उघडली. एकेक चिठ्ठी वाचली. कमला हॅरिस, तीन. डॉनल्ड ट्रम्प, तीन.

मोटारीत आम्ही चौघे क्षणभर गप्प झालो.

"बघ," मी मुलाला म्हणालो, "यांतला एक जण आज आला नसता तर?"

तो काही बोलला नाही. मीही पुढे बोललो नाही, कारण 'मे महिना' हे दोन शब्द मोटारीत पाचव्या माणसासारखे बसलेले होते.

या गावाच्या कौलावरून देशाचा कौल ओळखता येतो, असा एक समज आहे. तो खोटा आहे. पहिल्याच खेपेला, १९६० साली, इथे निक्सन यांना नऊ मते पडली आणि केनेडींना शून्य. देशाने निवडले केनेडींना. १९६४ साली इथली आठही मते गोल्डवॉटर यांना, आणि देशात जॉन्सन प्रचंड बहुमताने निवडून आले. १९६८ साली इथे हंफ्री पुढे होते, देशात निक्सन. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाला इथे जिंकायला चाळीस वर्षे लागली : २००८ साली ओबामा पंधरा, मॅकेन सहा. २०१२ साली पाच-पाच अशी बरोबरी. २०२० साली बायडन पाच, ट्रम्प शून्य. त्याच रात्री याच रस्त्यावरच्या पुढल्या वस्तीत, मिल्सफील्डमध्ये, ट्रम्प सोळा आणि बायडन पाच! रस्ता तोच, बर्फ तेच, मध्ये काही मैलांचे रान. तेव्हा गावाचा कल म्हणजे हवापाण्याचा गुण नव्हे. तिथे राहायला कोण आले, कोण गेले, कोणाची नोकरी राहिली आणि कोणाची गेली, याची ती बेरीज असते.

आणखी एक मौज सांगतो. आपल्याकडे आपला पक्ष कोणता, हे सरकारदरबारी कोणी लिहून देत नाही. तिकडे मतदारयादीत नावापुढे पक्ष लिहिता येतो, किंवा 'जाहीर केलेला नाही' असेही लिहिता येते. डिक्सव्हिलच्या सहांपैकी चार जण रिपब्लिकन होते आणि दोघांनी पक्ष जाहीर केलेला नव्हता. आता साधे गणित करा. रिपब्लिकन चार आणि ट्रम्प यांना मते तीन. म्हणजे निदान एकाने तरी आपल्या पक्षाचा उमेदवार सोडला. याच सहा जणांच्या गावाने त्याच वर्षी जानेवारीत, पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या फेरीत, सहाच्या सहा मते निकी हेली यांना दिली होती. यादीवरचा शिक्का एक आणि पडद्याआडचे मन दुसरे. खानावळीतल्या बाईंचे बोलणे मला तेव्हा आठवले.

अर्थात सहांच्या गावात गुप्तता ती कितीशी राहणार? पाच-शून्य असा निकाल लागला, तर ती उरतच नाही. तीन-तीन लागला, तर अंदाज तरी बांधता येतोच. आणि दुसऱ्या दिवशी बर्फ पडले, तर त्याच सहा जणांना एकमेकांच्या मोटारी ढकलायच्या असतात. मतभेद घेऊन राहणे त्यांना परवडते. अबोला परवडत नाही.

रात्र आम्ही कोलब्रुकच्या एका साध्या लॉजमध्ये काढली. मला बराच वेळ झोप लागली नाही. मनात एकच विचार घोळत होता. त्या सहा जणांना आपल्यापेक्षा लोकशाहीची चाड अधिक आहे, असे मला वाटत नाही. ती चारचौघांसारखीच माणसे असणार. कंटाळणारी, थंडीत बाहेर पडायला कुरकुरणारी. फरक एवढाच की, तिथे न येणाऱ्याला चेहरा असतो. खुर्ची रिकामी राहिली, तर ती कोणाची ते दिसते. आमच्या पुण्यात लाखो खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि त्यांतली एक माझी होती, हे कोणालाच दिसले नाही. मलासुद्धा दिसले नाही. ते दाखवायला मुलगा लागला.

मंगळवारी सकाळी आम्ही परत निघालो. दुपारी नॅशुआ गाठले. मोटार घराकडे वळण्याऐवजी दुसरीकडेच वळली आणि एका शाळेपुढे थांबली. मुलाने खिशातून नागरिकत्वाचे कागद काढले. म्हणजे ते त्याने सोमवारी निघतानाच बरोबर घेतलेले होते, किंवा सूनबाईंनी! न्यू हॅम्पशायरमध्ये मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून तिथल्या तिथे मत देता येते, हे त्याला ठाऊक होते. रांग होती. आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो. तासाभराने तो बाहेर आला. बोटाला शाई नव्हती. तिकडे ती पद्धत नाही. कागदाच्या मतपत्रिकेवर पेनाने गोल भरायचा आणि यायचे. कोटावर मात्र एक चिकटपट्टी होती : 'मी मत दिले.'

त्याने कोणाला मत दिले, ते मी विचारले नाही. सूनबाईंनीही विचारले नाही. सौ.ने त्याच्या कोटावरची ती पट्टी हाताने नीट दाबून बसवली, शाळेत जाताना त्याचा बिल्ला बसवीत असे तशी.

त्या संध्याकाळी मी परतीच्या तिकिटाचा विषय काढला. आमचे तिकीट १० डिसेंबरचे होते आणि महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. तिकीट बदलायला किती पैसे पडतील, तो आकडा मुलाने सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. आमच्या पेठेतल्या कोणाला तो कळला, तर माझ्या शहाणपणाविषयी शंका घेतील. सौ. एवढेच म्हणाली, "महाबळेश्वरच्या खोलीचं भाडं यातच धरा." चार आठवडे नातवंडाविना घालवलेल्या घरात तीन आठवडे आधी परतायचे, हे तिला सोपे नव्हते. पण बॅग तिनेच भरली.

२० नोव्हेंबरला सकाळी साडेसातला आम्ही शाळेच्या रांगेत होतो. झोपेचे गणित अजून अमेरिकेचेच होते. अधिकाऱ्याने माझा क्रमांक आणि नाव मोठ्याने पुकारले, आणि समोर बसलेल्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीवर खुणा केल्या. इतकी वर्षे मत दिले, पण या पुकारण्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. म्हणजे आपल्याकडेही रिकामी खुर्ची दिसण्याची सोय आहे तर! कोणी बघत नाही, इतकेच.

संध्याकाळी मी आमच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोटे पाहू लागलो. चोवीस बिऱ्हाडे आहेत. पुष्कळांच्या बोटाला शाई होती. काही जण अलिबागला गेले होते. त्यांना मी काय बोलणार? प्रत्येकाला मी अमेरिकेहून मुद्दाम कसा आलो ते ऐकवले. चौथ्या वेळी सांगताना माझा आवाज जरा चढला असावा.

रात्री नऊला आमचा रखवालदार खांद्यावर पिशवी टाकून फाटकातून आत आला. आदल्या रात्री तो दिसला नव्हता. त्याच्या जागी बदलीचा माणूस होता.

"कुठं होतास रे?" मी विचारले.

"गावाकडं गेलतो काका," तो म्हणाला. "औशाकडं. यादीत नाव तिकडंच हाय नव्हं. रातच्या एस्टीनं गेलो, मत टाकलं, दुपारच्या गाडीनं आलो." आणि त्याने बोट दाखवले.

"दर खेपेला जातोस?"

"व्हय. आमच्या बूथवर समदे वळखीचे. न्हाई गेलं तर म्हातारी इचारती, पोरगं का आलं न्हाई."

त्याने पिशवी खोलीत ठेवली, टोपी घातली आणि फाटकाशी जाऊन बसला. मे महिन्यातही तो असाच गेला असणार. तेव्हा मी महाबळेश्वरहून परतलो होतो आणि माझी बॅग त्यानेच वर आणून दिली होती. त्याच्या बोटावरची शाई तेव्हा मला दिसली कशी नाही, याचा विचार करीत मी जिना चढलो.